विसण घालणारा नळ आणि रात्री घुरघुरणारा पंप

संक्रांत नुकतीच झालेली, सकाळचे साडेसहा, अंगावरची गोधडी काढवत नाही अशी थंडी, आणि आप्पा बाथरूममधून ओरडले, "पानी गरमच नही शे!" मी उठून पहिलं काय केलं तर आभाळाकडं बघितलं, कारण सोलरवाल्या घरात पाणी गार आलं की माणूस आधी ढगांना शिव्या घालतो. ढग नव्हता. आदल्या दिवशीही दिवसभर कडक ऊन होतं. मग म्हणलं नक्की तो पुण्याचा नळ बिघडला.

पुण्याचा नळ म्हणजे काय ते आधी सांगतो. आम्ही अमळनेरला राहतो, धाब्यावर म्हणजे गच्चीवर टाकी, टाकीशेजारी सोलर. उन्हाळ्यात खान्देशात सोलरचं पाणी म्हणजे चहाचं आधण. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आप्पांनी विसण घालायच्या आधी सरळ तांब्या अंगावर घेतला आणि खांदा भाजून घेतला. ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदात भाजते, म्हाताऱ्यांची आणि पोरांची त्याहून लवकर, आणि आमच्या सोलरचं पाणी मे महिन्यात ६० वर थांबत नाही. तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाने हा थर्मोस्टॅटिक मिक्सर पाठवला. भिंतीवर आडवा दांडा, डावीकडून गरम पाणी येतं, उजवीकडून गार, एका टोकाला पाण्याची धार कमीजास्त करायचा नॉब, दुसऱ्या टोकाला तापमानाचा, त्यावर आकडे आणि ३८ वर एक लाल बटण, ते दाबल्याशिवाय नॉब पुढं फिरत नाही. थोडक्यात स्वतः विसण घालणारा नळ. मायला मी असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली इसन घालाले आते मशीन लागस का, पण आप्पांना तो लई आवडला. आंघोळ झाली की ते नॉब पार गारवर फिरवून ठेवायचे, म्हणजे नंतर जाणाऱ्या पोराला चटका नको. या चांगल्या सवयीने पुढं काय घोळ घातला ते येईलच.

तर नळ बिघडला असं मी ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवलं की मग माणूस दुसरं काही बघत नाही. मोबाईलवर वाचलं की यात आत एक कार्ट्रिज असतं, त्यात मेण भरलेली तांब्याची छोटी डबी असते, पाणी गरम झालं की मेण वितळून फुगतं आणि एक पिन बाहेर ढकलतं, पिन पुढं गेली की गरम पाण्याची फट बारीक होते आणि गारची मोठी, पाणी थंडावलं की स्प्रिंग सगळं मागं ढकलते. गाडीच्या इंजिनमध्ये जो थर्मोस्टॅट असतो तो याच जातीचा. वाचलं की जड पाण्याच्या गावात यावर क्षार बसतो आणि तो अडकतो. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की हिटरची कॉइल सहा महिन्यात पांढरी होते आणि चहाच्या पातेल्याला आतून खपली धरते. म्हणलं झालं, हेच.

रविवारी सकाळी कामाला लागलो. पहिली अडचण, मिक्सरच्या आधी बंद करायला कॉकच नाहीत. ज्याने बसवला त्याने दोनशे-चारशे रुपये वाचवले असतील. म्हणजे वर जाऊन टाकीचा आणि सोलरचा असे दोन्ही गेट कॉक बंद करा, त्यातला सोलरचा तर जन्मात कुणी फिरवला नव्हता, तो पाना लावून, थोडं तेल सोडून, पाच मिनिटं शिव्या घालून फिरला. मग सगळ्या घराला ओरडून सांगितलं की नळ उघडू नका, तरी पोराने उघडलाच.

नॉबच्या टोकावरची चकती ब्लेडच्या टोकाने उचकटली, आत एक स्क्रू, तो काढला की नॉब ओढून निघतो. आता इथं माझी चूक झाली. नॉबच्या आत एक प्लॅस्टिकची रिंग असते, ३८ वर अडवणारी, ती कुठल्या दातावर बसली होती ते मी बघितलंच नाही, फोटो पण नाही काढला, सरळ ओढली आणि वाटीत टाकली. (तुम्ही काढणार असाल तर फोटो काढा बाबांनो, आणि स्पिंडलवर, म्हणजे नॉब बसतो त्या दांडीवर, मार्करने रेघ मारा.) मग पितळी नट, त्याला मोठा पाना, खाली जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळून, नाहीतर क्रोम सोलून निघतं. नट सुटला पण कार्ट्रिज बाहेर येईना, क्षाराने दांड्याच्या आतल्या भिंतीला धरलेलं. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं, हळूहळू डावं-उजवं हलवत राहिलो, अर्ध्या तासाने फट्टकन हातात आलं.

दिसायला भयानक होतं, जाळीवर पांढरा-करडा थर, मधे मधे भाताच्या शितासारखे दाणे. मला आनंदच झाला, म्हणलं चोर सापडला.

किराणा दुकानातून लिंबूफूल आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतात ते. कोमट तांब्याभर पाण्यात दोन चमचे, त्यात कार्ट्रिज बुडवलं, लगेच बारीक बुडबुडे सुरू, सोडा फोडल्यासारखे. तो क्षार म्हणजे बहुतेक चुन्याचाच भाग, आंबटाशी गाठ पडली की विरघळतो आणि गॅस सुटतो. पाऊण तास ठेवलं, मधे एकदा पाणी बदललं, जुन्या टूथब्रशने घासलं. शेजारचा म्हणत होता संडासाचं ॲसिड टाका, दोन मिनिटात चकाचक. ते करू नका. त्याने पितळ खातं, क्रोम काळं पडतं आणि रबरच्या रिंगा पण खराब होतात. रिंगांना ग्रीस पण सिलिकॉनचंच लावायचं, व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस नाही, या नळांत बऱ्याचदा जे काळं रबर असतं ते पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं आणि मग नॉब हलत नाही.

आता मेणाची डबी जिवंत आहे की मेली ते बघायचं होतं. एका वाटीत फ्रिजचं पाणी, एका पातेल्यात गरम. घरातलं तापाचं थर्मामीटर घातलं तर त्याने एच दाखवून हात वर केले, त्या बिचाऱ्याची धाव ४२-४३ पर्यंतच. मग डेअरीवाल्या मित्राकडून दुधाचं काचेचं थर्मामीटर आणलं. गरम पाणी ५५ ला आणलं, कार्ट्रिज त्यात सोडलं, पोरगा स्केल धरून बसला, आणि खरंच पिन हळूच बाहेर यायला लागली, दोन-तीन मिलिमीटर असेल, फ्रिजच्या पाण्यात घातली की स्प्रिंगने परत आत. पोराने ते सातआठ वेळा करायला लावलं. मेण एकदम ठणठणीत होतं.

खरं म्हणजे इथंच मी थांबून विचार करायला पाहिजे होता. जे बिघडलं असं मी म्हणत होतो ते तर चांगलं निघालं. पण मला वाटलं क्षारानेच अडकलं असेल, आता साफ झालंय, बसवू या. बसवलं, पाणी सोडलं, संध्याकाळी दहा मिनिटं झकास गरम पाणी आलं, मी पुण्याला फोन करून फुशारकी पण मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आधीपेक्षा गार.

मग आमच्या गल्लीतल्या प्लंबरभाऊला बोलावलं. चांगला माणूस, हात सफाईदार, पण त्याने दांड्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "दादा, हाई काढी फेका, साधं मिक्सर बसाडा." म्हणलं भाऊ, आप्पांचा खांदा भाजला होता. तो म्हणाला मग कार्ट्रिज नवीन मागवा. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर त्यांनी सांगितलं ते मॉडेल बंद झालं, पूर्ण सेट घ्या, आणि किंमत ऐकून मी फोन ठेवला.

यात दोन-तीन दिवस गेले. आप्पा बंबावर आले. जुना तांब्याचा बंब माळ्यावरून काढला, तुरीच्या काड्या पेटवल्या, आणि खरं सांगू का त्या धुराच्या वासाने घरातले सगळे जरा खुशच झाले.

आता ज्या तीन गोष्टी माझ्यासमोर होत्या आणि मी एकीला पण दुसरीशी जोडलं नाही त्या सांगतो. एक, माय आठ दिवसांपासून म्हणत होती, "भांडासले बी कोमटच पानी ई ऱ्हायनं रे." म्हणजे स्वयंपाकघरातला सोलरचा नळ पण कोमट. दोन, रात्री दोन-अडीचला घरात कुणीही नळ उघडलेला नसताना प्रेशर पंप घुर्र करून चालू व्हायचा, बंद व्हायचा, परत चालू. मी म्हणायचो फ्लशची टाकी गळत असेल. तीन, शेजारच्या काकूंनी सांगितलं की पहाटे तुमच्या धाब्यावरून पन्हाळातून पाणी पडतं, आमचा जिना ओला होतो. आणि आमची टाकी सकाळी अर्धी झालेली असायची. इथं नळाला रोज पाणी येत नाही, येतं त्या दिवशी सगळं घर भांडी घेऊन धावतं, अशा गावात धाब्यावरून पाणी वाहून जातंय म्हणजे घरातून पैसे वाहून जाण्यासारखं.

काकूंची तक्रार ऐकून मी पहाटे पाचला बॅटरी घेऊन वर गेलो. सोलरच्या टाकीतून जो उभा हवेचा पाइप वर गेलेला असतो त्याच्या तोंडातून पाणी बाहेर पडत होतं. थेंब थेंब नाही, करंगळीएवढी धार. हात लावला तर गार! सोलरच्या गरम पाण्याच्या टाकीतून गार पाणी उतू जातंय. तिथंच टाकीच्या ओट्यावर बसलो आणि थंडीत कुडकुडत पहिल्यांदा नीट विचार केला.

सोलरमध्ये पाणी वरच्या टाकीतून आपसूक, उतारानेच येतं. उताराने आलेलं पाणी हवेच्या पाइपातून बाहेर पडू शकत नाही, कारण त्या पाइपाचं तोंड टाकीच्या पातळीच्या वर ठेवलेलं असतं. म्हणजे कुणीतरी जोर लावून खालून पाणी वर ढकलतंय. आणि आमच्या घरात जोर लावणारा एकच, प्रेशर पंप, तो दिवाळीत बसवला, वरच्या मजल्यावर शॉवरला धार नाही म्हणून. बसवणाऱ्याने तो फक्त गार पाण्याच्या लाइनवर बसवला. ते त्याचं बरोबर होतं, आमची सोलरची टाकी उघड्या हवेच्या पाइपाची, बिनप्रेशरची, तिच्यावर पंपाचा जोर चढवायचा नसतो. पण मग घरात अशी एकच जागा उरते जिथं पंपाचं गार पाणी आणि सोलरचं बिनजोराचं गरम पाणी एकमेकांना भेटतात. तो पुण्याचा नळ.

बरं, आपण धारेचा नॉब बंद केला म्हणजे या नळात सगळं बंद झालं असं वाटतं ना, तसं नाहीये. धारेचा नॉब मिक्स झालेल्या पाण्याला अडवतो, त्याच्या मागं गार आणि गरम दोघं एकाच खोलीत समोरासमोर उभेच असतात. त्यांनी एकमेकांच्या घरात घुसू नये म्हणून दोन्ही तोंडांना एकेक छोटा एनआरव्ही असतो, पाणी एकाच बाजूने जाऊ देणारा. गरम बाजूचा एनआरव्ही उघडाच अडकला तर पंपाचं गार पाणी उलटं गरमच्या पाइपात घुसणार, स्वयंपाकघरात कोमट पाणी येणार, रात्रभर वर चढत सोलरच्या टाकीत जाऊन सगळं गरम पाणी गार करणार आणि उरलेलं हवेच्या पाइपातून बाहेर. सोलरला पाणी देणाऱ्या पाइपातून ते परत मोठ्या टाकीत पण जाऊ शकलं नाही, कारण तिथं पण एनआरव्ही आहे आणि तो बेटा मात्र नीट चालू होता. त्यात आप्पा नॉब गारवर फिरवून ठेवणार, म्हणजे गारची फट सताड उघडी. त्यात मी कार्ट्रिजवरचा क्षार लिंबूफुलाने धुऊन वाट आणखी मोकळी केलेली, म्हणून माझ्या दुरुस्तीनंतर पाणी जास्त गार झालं. मला हसू पण येईना.

खात्री करायला साधी गोष्ट केली. दिवसभर पंपाचा प्लग काढून ठेवला. संध्याकाळी स्वयंपाकघरातला सोलरचा नळ उघडला, दोन मिनिटात कडकडीत पाणी. प्लग लावला, पंप घुर्र, नळाखाली हात धरून उभा राहिलो, पाणी कोमट, मग गारच. प्लग काढला, थोड्या वेळाने परत गरम. माय मागं उभी होती, म्हणाली, "तू मन्हं कधी आयकस?" यावर मी काय बोलणार.

मग मिक्सर भिंतीवरून उतरवला. दोन मोठे नट, परत बनियनचा तुकडा. गरम बाजूच्या तोंडात आधी बारीक जाळी, त्यात पांढरा चुरा, आणि सीपीव्हीसी पाइप कापतानाचा पिवळट प्लॅस्टिकचा कीस, म्हणजे बसवल्या दिवसापासूनचा, पाइप धुऊन न घेता मिक्सर लावलेला. जाळीच्या मागं बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा एनआरव्ही. तोंडाने फुंकून बघायचं, एका बाजूने हवा जाते, दुसरीकडून जायला नको. गार बाजूचा नीट. गरम बाजूच्यात दोन्हीकडून हवा आरपार, आतल्या छोट्या झडपेखाली क्षाराची टिकली अडकलेली आणि स्प्रिंग कडक झालेली. एवढ्याशा जिनसेने आठ दिवस नाचवलं.

लिंबूफुलात घालून बघितलं, टिकली निघाली पण झडप काही घट्ट बसेना. अमळनेरात मिळाला नाही, तर सकाळच्या गाडीने धरणगाव-पाळधी करत जळगावला गेलो, सॅनिटरीची तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी नवीन मिक्सर दाखवले. तिसऱ्याकडे एक म्हातारे काका बसले होते, त्यांनी माझा जुना नग हातात घेतला, न बोलता मागं गेले आणि धुळीने भरलेल्या डब्यातून तसेच चार काढून आणले. दोन नगांचे दोनशेच्या आतच पैसे होत होते, म्हणून मी चारही घेतले.

बसवताना परत एक मूर्खपणा केला. नटाच्या आट्यांना भरपूर टेफलॉन गुंडाळला आणि रबरी वायसर घालायचाच विसरलो, पाणी सोडलं तर दोन्हीकडून गळती. या नटात पाणी वायसर अडवतो, आटे नाही, टेफलॉनचा काही उपयोग नाही. परत उघडला, नवीन वायसर, हाताने घट्ट आणि मग पान्याने पाव फेरा, बस. या वेळी प्लंबरभाऊला बोलावून मिक्सरच्या आधी दोन्ही लाइनला कॉक टाकून घेतले.

पण एनआरव्ही बदलून काम अर्धंच होतं. आमच्या पाण्यात तो परत कधीतरी अडकणारच. मूळ भांडण जोराचं आहे, एकीकडं पंप दीड बारने ढकलतोय आणि दुसरीकडं सोलर २५ फूट उंचीवरून, म्हणजे जेमतेम पाऊण बार. (१० मीटर उंची म्हणजे साधारण एक बार, हे गणित टाकीवाल्या घरात सगळ्यांनी पाठ करावं.) असा फरक असला की थर्मोस्टॅट पण वैतागतो, कुणी दुसरीकडं नळ उघडला की तापमान हलतं. प्लंबरभाऊशी बोलून आप्पांच्या बाथरूमची गार लाइन पंपाच्या आधीच्या पाइपाला जोडली, १२ फूट पाइप आणि चार एल्बो लागले. आता दोन्ही पाणी एकाच उंचीवरून, एकाच जोराने येतं. शॉवरची धार बारीक झाली हे खरं, पोरगा कुरकुरतो, त्याला वरच्या मजल्यावर पाठवतो. भाऊने मजुरी सांगितली त्यात वर भरीत-भाकरी पण वसूल केली, हिवाळ्यात आमच्याकडे ते चालतंच, कळण्याची भाकरी आणि वर कच्चं तेल.

शेवटचं काम आकड्यांचं. ती रिंग मी कशीही बसवली होती, तर नॉब ३८ वर ठेवला की थर्मामीटर ४३ दाखवायचं, म्हणजे लाल बटणाचा काही अर्थच राहिला नाही. हे दुपारी चारनंतर करायचं, सोलर चांगलं तापलेलं असताना. नॉब काढला, शॉवर चालू ठेवून पाणी मगमध्ये घेत, त्यात दुधाचं थर्मामीटर, पक्कडीने स्पिंडल अगदी थोडं फिरवायचं, मिनिटभर थांबायचं, परत बघायचं. मेणाला वेळ लागतो, घाई केली की आकडा पुढंमागं पळतो. ३८ वर स्थिर झालं तेव्हा रिंग आणि नॉब असे बसवले की लाल बटण बरोबर खुणेवर. मग बायकोच्या नेलपॉलिशने स्पिंडलवर ठिपका दिला. फोटो पण काढला, या वेळी सहा.

फेब्रुवारीपासून पंप रात्री गप्प आहे, काकूंचा जिना कोरडा. एप्रिलमध्ये जाळ्या उघडून बघितल्या तर गरम बाजूला अर्धा चमचा पांढरी रेती निघाली, कॉक असल्याने सगळं वीस मिनिटात झालं. उरलेले दोन एनआरव्ही फडताळात लिंबूफुलाच्या बरणीशेजारी आहेत, मायने बरणीवर चिठ्ठी लावलीये, ढोकळ्याचं नाही म्हणून.

आणि आता मे लागलाय, पारा ४४ च्या पुढं, दुपारी धाब्यावरच्या टाकीतलं गार पाणीच ४० च्या वर असतं. नॉब कितीही गारवर नेला तरी तो नळ बिचारा त्याच्याकडं येणाऱ्या गार पाण्यापेक्षा गार पाणी कुठून आणणार. आप्पा सकाळीच दोन बादल्या भरून बाथरूममध्ये झाकून ठेवतात आणि दुपारी त्यातून तांब्याने अंगावर घेतात.